मॉरिशसची ‘मुळांचा शोध’ सहल : काही महिन्यांनंतरचा अभिप्राय

ज्या कामासाठी सहल कंपनीने ‘वंशावळ शोध साहाय्य’ या नावाखाली आमच्याकडून वेगळे सहा हजार रुपये घेतले होते, ते काम अखेर मॉरिशसमधल्या आमच्या भाऊबंदांनी एक पैसाही न घेता करून दिले, म्हणून हा अभिप्राय लिहीत आहे. मुंबईहून थेट विमान सोयीचे होते, हॉटेल स्वच्छ होते आणि नाश्ता भरपूर होता, एवढे सांगून तो विषय संपवतो.

आमच्या खापरपणजोबांचे धाकटे भाऊ राजापूर तालुक्यातून मुंबई बंदरात आणि तिथून करारावर मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत गेले, एवढेच घरात सांगितले जाई. गुलामगिरी संपुष्टात येऊ लागल्यावर मळेवाल्यांना मजूर हवे होते; २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलस’ जहाजातून ३६ जणांची पहिली तुकडी कलकत्त्याहून पोर्ट लुईला उतरली आणि पुढे मुंबई बंदरातूनही कोकणातली व घाटावरची माणसे गेली. वडिलांनी ऐंशीच्या घरात असताना पासपोर्ट काढला तो हे मजूर जिथे उतरत ते ठिकाण पाहण्यासाठी, समुद्रात डुंबण्यासाठी नव्हे, आणि हे आम्ही नोंदणीच्या वेळीच स्पष्ट सांगितले होते.

असे असताना ज्या शनिवारी आप्रवासी घाट, म्हणजे पोर्ट लुई बंदरातले मजुरांच्या उतरण्याचे ते जुने ठाणे, पाहायचा होता, त्याच सकाळी आम्हाला आधी लाकडी जहाजांच्या प्रतिकृती बनवणाऱ्या कारखान्यात नेण्यात आले. कारागीर बायका चिमट्याने शिडाच्या दोऱ्या ओढून बारीक गाठी मारत होत्या, आणि ते कौतुकास्पद आहे हे मान्य. परंतु कौतुकाला दहा मिनिटे पुरतात, उरलेला सव्वा तास विक्रीच्या दालनात गेला. गटातल्या दोन कुटुंबांनी जहाजे घेतली आणि ती खोक्यात बांधून होईपर्यंत बाकीच्यांनी थांबायचे, असा मार्गदर्शकाचा हुकूम. कार्यक्रमपत्रिकेत या थांब्याचा ‘सांस्कृतिक भेट’ असा उल्लेख होता, तो मी आजही विसरू शकत नाही. शनिवारी घाट दुपारी बारालाच बंद होतो. आम्ही पोहोचलो तेव्हा रखवालदार घड्याळाकडे पाहत होता.

घाट फार मोठा नाही; जागतिक वारसा यादीत २००६ साली गेलेली ही जागा अवघी १,६४० चौरस मीटरची आहे आणि मूळ इमारतींपैकी थोडेच अवशेष उरले आहेत. पण बंदरातून उतरलेला मजूर ज्या सोळा दगडी पायऱ्या चढून वर येई त्या शाबूत आहेत, आणि वडिलांना त्या पायऱ्यांजवळ निवांत बसायचे होते. बसणे झाले नाही. शेजारच्या माहिती केंद्रात तर आम्ही अक्षरशः एका दाराने शिरून दुसऱ्याने बाहेर पडलो.

त्यानंतरचा थांबा मोका येथील महात्मा गांधी संस्था. करारबद्ध मजुरांची दप्तरे इथे जतन केलेली आहेत आणि २०१५ साली युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत त्यांचा समावेश झाला. शनिवारी दुपारी अभिलेखागार बंद असणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. सहा हजारांचे ‘साहाय्य’ म्हणजे फाटकाबाहेर गटाचे छायाचित्र आणि एक छापील अर्ज, एवढेच निघाले.

परत आल्याबरोबर लिहिले असते तर मी एक तारा दिला असता. मात्र शेवटच्या दिवशी ठरलेली खरेदी सोडून आम्ही कास्काव्हेल गावाजवळ भाऊबंदांकडे गेलो, आणि सहल कंपनीने दिलेला गाडीचालक कोणतीही कुरकुर न करता रात्रीपर्यंत आमच्यासोबत राहिला, याची नोंद न घेणे अन्यायाचे ठरेल. त्यानेच वाटेत गाडी थांबवून दालपुरी खाऊ घातली, गरमागरम, दोन एकावर एक ठेवून, कागदात गुंडाळलेल्या. भाऊबंदांच्या घरी गणपतीतल्या झाकरीची, म्हणजे तिथल्या मराठी नाचगाण्याची, ध्वनिफीत लावली, तेव्हा वडिलांनी आपल्या कोकणातल्या जाखडी नाचाचा ठेका ओळखून मांडीवर ताल धरला. या एका दिवसासाठी मी दोन तारे वाढवले.

कागदाचे कामही त्याच घरातून झाले. मॉरिशसमध्ये बापाचे नाव पुढे आडनाव होऊन बसल्यामुळे आपल्याकडच्या आडनावावरून शोध घेणे बहुधा व्यर्थ ठरते. जन्मदाखल्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची साखळी लावत मजुराच्या क्रमांकापर्यंत पोहोचावे लागते. चुलत भावाने ते दाखले गोळा करून अर्ज केला आणि नोंदीची प्रत आम्हाला पाठवली : मजुराच्या बापाचे नाव, गाव (अक्षरे वेडीवाकडी, पण आमचेच), वय, उंची, जहाज आणि ‘डाव्या भुवईवर व्रण’. वडिलांनी ती प्रत भिंग लावून वाचली आणि तिच्या चार झेरॉक्स काढायला सांगितल्या.

ही प्रत जोडून मी सहल कंपनीकडे सहा हजार परत मागितले. आधी आठवडाभर उत्तर नाही, मग ‘सेवा पुरवली गेली आहे’ असे उत्तर आणि बरीच वादावादी झाल्यावर पुढच्या सहलीवर सवलतीचे व्हाउचर. म्हणून वाढवलेल्या दोनांपैकी एक तारा परत घेत आहे. ज्यांना पूर्वजांचा माग काढायचा आहे त्यांनी गटाबरोबर न जाता सोमवार ते शुक्रवार हाताशी राहतील असे बेतावे, आणि कार्यक्रमपत्रिकेत जहाजांचा कारखाना दिसल्यास तो लेखी वगळून घ्यावा. व्हाउचर मला नको आहे, पण ते दुसऱ्याला देता येत नाही असे त्याच्या पाठीमागे बारीक अक्षरांत छापलेले आहे.