घाण्याचे बदाम तेल: माल चोख, वेष्टन बोलघेवडे

धुळ्याच्या पाचकंदील परिसरातील एका लाकडी घाण्यावर शेंगदाणा, तीळ आणि करडईच्या तेलाबरोबर बदाम तेलही मिळते. 100 मि.ली.ची बाटली 600 रुपयांना आहे. भाव ऐकून गिऱ्हाईक दचकते; परंतु बदामाच्या मगजात निम्म्याच्या आसपास तेल असते आणि लाकडी घाण्यात तेही पूर्ण उतरत नाही, पुष्कळसे पेंडीतच राहते, हे लक्षात घेतले तर भाव अवाजवी वाटत नाही. याच्या चौथाई किमतीत कोणी ‘शुद्ध’ बदाम तेल देत असेल, तर त्यात जर्दाळूच्या बियांचे तेल किंवा सरळ खनिज तेल असण्याची शंका अवश्य घ्यावी.

तेल फिकट पिवळे, पातळ आणि जवळजवळ गंधहीन आहे. वास येत नाही म्हणून काही गिऱ्हाइके ते परत करतात, असे घाणेवाले सांगत होते. वास्तविक गोड बदामाच्या तेलाला उग्र वास नसतोच. मिठाईत जो ‘बदामाचा वास’ म्हणून ओळखला जातो, तो कडू बदामातून किंवा कृत्रिम अर्कातून येतो. धुळ्याच्या थंडीत खोबरेल गोठून बसते तेव्हाही हे तेल वाहते राहते, आणि फुटलेल्या टाचा व कोरडे हात यांवर ते उत्तम काम करते. त्वचेसाठी म्हणून या तेलाची शिफारस मी निःशंकपणे करीन.

माझा आक्षेप वेष्टनावरील मजकुराला आहे. ‘चरकसंहितेत वर्णिलेले, स्मरणशक्तिवर्धक, सर्व ऋतूंत सर्वांना हितकर’ असे त्यावर छापले आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सत्ताविसाव्या अध्यायात बदाम आहे खरा, पण तो अक्रोड, पिस्ते अशा फळांच्या रांगेत. आणि त्यांचे वर्णन जड, उष्ण, स्निग्ध, मधुर, बल देणारी, वातनाशक व कफपित्त वाढवणारी असे आहे. स्मरणशक्तीचा त्या वर्णनात उल्लेख नाही. सोळाव्या शतकातील भावप्रकाश या आयुर्वेदीय ग्रंथाने तर बदामाचा मगज कफकारक असून रक्तपित्ताच्या (म्हणजे अंगातून रक्त जाण्याच्या विकाराच्या) रोग्यांना तो इष्ट नाही, असे स्पष्ट बजावले आहे. मेंदूच्या कोरडेपणावर आणि निद्रानाशावर बदामाची योजना प्रामुख्याने युनानी हकिमांची. त्यांचे ‘रोगन बादाम’, म्हणजे बदाम तेलच, रात्री कोमट दुधातून दिले जाई, आणि त्याचा एक रोकडा उपयोग बद्धकोष्ठावर होता. हकिमांचे श्रेय चरकाच्या नावावर जमा करायचे आणि जुन्या वैद्यांनी घातलेले पथ्य मात्र गाळायचे, हा व्यवहार बरा नव्हे. ज्या खानदेशात मे महिन्यात पारा 44 अंशांच्या पुढे जातो, तिथे उष्ण म्हणून सांगितलेले द्रव्य ‘सर्व ऋतूंत’ घ्या म्हणणे तर त्याच ग्रंथांच्या विरुद्ध आहे.

खरे तर या तेलाला उसन्या मोठेपणाची गरज नव्हती. औषधांच्या इतिहासात त्याने सर्वांत टिकाऊ काम केले आहे ते दुसऱ्या द्रव्यांना वाहून नेण्याचे. दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य गॅलेन याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मेण, तेल आणि पाण्याच्या मलमात पुढे बदाम तेल वापरले जाऊ लागले, आणि आजच्या कोल्ड क्रीमचा वंश तिथूनच निघतो. विसाव्या शतकात मूळव्याधीवर टोचल्या जाणाऱ्या 5 टक्के फेनॉल या रसायनासाठीही माध्यम बदाम तेलच होते. एवढे खरे छापले असते, तरी बाटली खपली असती.

दुकानात ‘कडू बदामाचे तेल आहे का’ अशी विचारणाही कानांवर आली. पहिल्या शतकातील ग्रीक वैद्य डायोस्कोरिडिसने त्या तेलाची कृती दिलेली आहे, हे खरे. पण कडू बदामातील अमिग्डॅलिन या द्रव्यापासून हायड्रोजन सायनाइड हे जहाल विष तयार होते, त्यामुळे घरगुती रीतीने काढलेले असे तेल पोटात घेण्याचा विचारही करू नये. घाणेवाल्यांनी त्या गिऱ्हाइकाला साफ नकार दिला, ही त्यांची जमेची बाजू.

बाटलीवर तेल काढल्याची तारीख नाही, ही उणीव मात्र लवकर दूर व्हावी, कारण आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे तेल लवकर खवट होते. सांगितल्यास घाणेवाले 50 मि.ली. तेल आपण नेलेल्या बाटलीत भरून देतात. बाटली गडद काचेची आणि पूर्ण कोरडी न्यावी.