विमा एजंटचं लायसन्स दुसऱ्या राज्यात 'ट्रान्सफर' करून देणारे

एजंट मंडळींनो, कामाची गोष्ट आधीच सांगून टाकते. महाराष्ट्रातला विमा एजंट गुजरातेत जावो, कर्नाटकात जावो की मध्य प्रदेशात, त्याला लायसन्स ट्रान्सफर करावं लागत नाही. अशी प्रक्रियाच नाही. तिचा फॉर्म नाही, फी नाही, एनओसी नाही. ती करून देतो म्हणणारा माणूस चोर आहे, मग तो कितीही अदबीनं 'मॅडम, मॅडम' करत असो.

माझे १५,३४० रुपये गेले. पण हे लिहितेय ते त्या पैशांपेक्षा या चोरांना खरं हवं काय होतं ते सांगण्यासाठी.

२०२३ च्या उन्हाळ्यात नवऱ्याची साताऱ्याहून बडोद्याला बदली झाली. मी २००९ पासून आयुर्विम्याची एजंट. एजंटचा संसार चालतो रिन्युअल कमिशनवर. नवीन धंदा एखाद्या महिन्यात होतो, एखाद्या महिन्यात नाही. पण जुन्या पॉलिसींचे हप्ते भरले जातात तोवर थोडं थोडं येत राहतं. राज्य बदललं तर ते बंद होईल का, एवढीच धास्ती होती. एजंटांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं. एकानं सांगितलं, कोड बंद होतो. दुसऱ्यानं सांगितलं, आयसी-३८ ची, म्हणजे एजंट होण्याआधी द्यावी लागते ती परीक्षा पुन्हा द्यावी लागते. तिसऱ्यानं नुसताच हात जोडलेला इमोजी टाकला. त्या ग्रुपात कोण कुठला, कुणाला माहीत नाही. ॲडमिनलाही नाही.

त्याच आठवड्यात फोन आला. 'इर्डाच्या वेस्ट झोन लायसन्सिंग सेलमधून बोलतोय.' इर्डा म्हणजे विमा क्षेत्राचा सरकारी नियामक. स्वच्छ मराठी, मागे ऑफिसात असतो तसा गलबला. त्यानं माझा एजन्सी कोड सांगितला, ब्रँच सांगितली. तेव्हा त्याचं वजन वाटलं. खरं तर माझा कोड व्हिजिटिंग कार्डावर आहे आणि मी दर दिवाळीला वाटते त्या कॅलेंडरवर आहे. अर्ध्या साताऱ्याच्या स्वयंपाकघरात तो टांगलेला आहे.

मग त्यानं जे समजावलं ते ऐकण्यासारखं होतं. म्हणाला, 'मॅडम, तुमची एमएच-११ ची गाडी बडोद्याला नेणार, तर आरटीओची एनओसी घ्याल ना? डॉक्टर राज्य बदलतो तेव्हा नव्या राज्याच्या मेडिकल कौन्सिलकडे नोंदणी करतो ना? जीएसटी नंबर राज्यागणिक वेगळा असतो ना? मग विम्याचं लायसन्स कसं आपोआप जाईल?' यातलं एकेक वाक्य खरं आहे. गाडीच्या एनओसीसाठी आम्ही त्याच दिवसांत आरटीओत खेटे घालत होतो. तीन खऱ्या गोष्टींच्या रांगेत चौथी खोटी उभी केली की ती वेगळी दिसत नाही.

त्यानं पॅन, आधार, पासबुकचं पहिलं पान, एजन्सीचं ओळखपत्र आणि फोटो मागवला. फी ३,५४० रुपये. तीन हजार आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. आकडा गोल असता तर खटकला असता. जीएसटीनं त्याला सरकारी कळा आली. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर कसल्याशा एंटरप्रायझेसचं नाव आलं. विचारलं, तर म्हणाला, 'ती आमची ऑथराइज्ड कलेक्शन एजन्सी आहे.'

संध्याकाळी पीडीएफ आली. वर अशोकस्तंभ, हैदराबादचा पत्ता, खाली निळ्या शाईची सही आणि गोल शिक्का. 'प्रोव्हिजनल ट्रान्सफर ऑर्डर'. माझा फोटो थोडा ताणला गेल्यामुळे मी होते त्यापेक्षा जाड दिसत होते. आणि तळाला एक ओळ: 'व्हॅलिड ओन्ली फॉर गुजरात स्टेट'. ती वाचून माझ्या पोटात गोळा आला. मग साताऱ्याच्या माझ्या ग्राहकांचं काय? मी लगेच फोन केला, आणि त्या ओळीचं कामच ते होतं. तो म्हणाला, दोन्ही राज्यं ठेवायची तर 'ड्युअल स्टेट' करावं लागेल, त्याचं दहा हजार डिपॉझिट, परत मिळणारं, अधिक जीएसटी. ११,८०० रुपये. परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर जीएसटी कसला, हा प्रश्न मला पैसे पाठवल्यावर रात्री अंथरुणात पडला.

तिसऱ्या फेरीला परीक्षेतून सूट म्हणून ८,२६० मागितले, आणि सोबत सगळ्या पॉलिसीधारकांची एक्सेल यादी. नाव, मोबाइल, हप्ता किती, मॅच्युरिटी कधी. 'फाइल मायग्रेट करायला लागते.' इथे मात्र माझा हात थांबला. माझ्या पॉलिसींची सगळी माहिती कंपनीच्या सर्व्हरवर आहे. नियामकाला ती हवी असेल तर तो कंपनीला विचारेल. सदरबझारच्या फ्लॅटमध्ये सामान बांधत बसलेल्या बाईला एक्सेल करायला का सांगेल? मी 'उद्या पाठवते' म्हणाले आणि आमच्या डीओ साहेबांना, म्हणजे कंपनीतल्या डेव्हलपमेंट ऑफिसरना, फोन लावला.

साहेब आधी हसले, मग आकडा ऐकल्यावर गप्प झाले. त्यांनी सांगितलं ते सगळ्या एजंटांना तोंडपाठ हवं. लायसन्स आता नियामक देतच नाही. पूर्वी द्यायचे, तीन वर्षांचं, नूतनीकरण करून घ्यावं लागे; माझं पहिलं तसंच होतं. २०१५ साली विमा कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०१६ पासून एजंट नेमणुकीचे नवे नियम आले. तेव्हापासून कंपनीच तुमची नेमणूक करते, नेमणूकपत्र आणि ओळखपत्र देते, आणि तुमची नोंद पॅनवर असते. त्या नोंदीत राज्याची हद्द नाही. साताऱ्यात बसून बडोद्याचा प्रपोजल, म्हणजे नव्या पॉलिसीचा अर्ज, घेता येतो आणि उलटही. कोड ज्या ब्रँचला आहे तिथून हलवायचा की नाही हा कंपनीचा घरचा मामला. त्यासाठी अर्ज ब्रँचला करायचा, इर्डाला नाही, आणि क्यूआर कोडवर तर नाहीच.

नियम कडक आहेत ते कंपनी बदलताना. आयुर्विम्याची एक, जनरलची एक, आरोग्य विम्याची एक अशा कंपन्यांचं काम एकाच वेळी करता येतं, पण दोन आयुर्विमा कंपन्यांचं नाही. एक सोडून दुसरीकडे जायचं तर राजीनामा, नेमणूकपत्र आणि कार्ड परत, मग जुन्या कंपनीकडून सेसेशन सर्टिफिकेट, म्हणजे तिथलं काम संपल्याचा दाखला, आणि त्यानंतर ९० दिवस थांबणं. हे 'थांबा, सर्टिफिकेट आणा' असलं काहीतरी सगळ्यांनी अर्धवट ऐकलेलं असतं. भामटे नेमके त्या अर्धवट ऐकण्यावर जगतात. कंपनी बदलण्याचा नियम त्यांनी उचलून राज्य बदलण्याला चिकटवला.

सगळ्यात राग कशाचा आला सांगू? आम्ही एजंट जी माहितीपत्रकं वाटतो, त्या प्रत्येकाच्या तळाला बारीक अक्षरात छापलेलं असतं की खोट्या फोनपासून सावध राहा. इर्डा पॉलिसी विकत नाही, बोनस जाहीर करत नाही, हप्त्यांची गुंतवणूक करत नाही. असा फोन आला तर पोलिसांत तक्रार करा. असले गठ्ठेच्या गठ्ठे मी वाटलेत.

१९३० या सायबर हेल्पलाइनला फोन केला, राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार टाकली, बँकेला कळवलं. यात उशीर करू नका, कारण पैसा एका खात्यातून दुसऱ्यात उड्या मारत जातो आणि मधे कुठे सापडला तरच अडवता येतो. ३,५४० चा काही पत्ता नाही. ११,८०० पैकी काही रक्कम कुठल्याशा खात्यात अडकवून ठेवलीय. ती सोडवायला कोर्टाचा आदेश लागेल असं ठाण्यात सांगितलं. यूटीआर नंबर (पैसे पाठवल्याचा व्यवहार क्रमांक), चॅटचे स्क्रीनशॉट, ती पीडीएफ, सगळं जपून ठेवा. रागाच्या भरात मी त्याला ब्लॉक करून चॅट उडवणार होते, मुलीनं हात धरला.

पण मुख्य गोष्ट पुढेच आहे. काही आठवड्यांनी एसटीतून निवृत्त झालेल्या एका काकांचा फोन आला. 'ताई, तुम्ही गुजरातला गेलात, आता तुमच्या जागी नवीन साहेब आलेत का? त्यांनी तुमचं कार्ड पाठवलंय. माझ्या पॉलिसीवर ४२ हजार बोनस आलाय म्हणे, आधी जीएसटी भरा म्हणतायत.' पाठवलेलं कार्ड माझंच होतं, मी दिलेल्या ओळखपत्राचा फोटो. यादी तर मी दिली नव्हती, मग काका कसे सापडले? माझ्या फेसबुक पानावरून. मॅच्युरिटीचा चेक हातात धरलेले काका, शेजारी मी, खाली नाव आणि गाव. असले फोटो आपण सगळेच टाकतो, धंद्याची जाहिरात म्हणून. काकांनी भरले नाहीत, कारण चाळीस वर्षं तिकिटं फाडलेला माणूस सुट्ट्या पैशांनाही दोनदा मोजतो. दुसऱ्या कुणी भरले असतील का, ते मला सांगायला कुणी आलेलं नाही.

म्हणजे यादी मिळाली असती तर माझ्या चारेकशे घरांत माझ्याच नावानं असे फोन गेले असते. माझे पंधरा हजार ही त्यांची वरकमाई होती.

त्यानंतर मी सगळ्या ग्राहकांना स्वतःच्या आवाजात मेसेज पाठवला: माझा नंबर तोच आहे, कोड तोच आहे, बोनससाठी कुणालाही एक रुपया द्यायचा नाही, हप्ता फक्त कंपनीच्या खिडकीवर किंवा ॲपवर. फेसबुकवरचे चेकचे फोटो काढून टाकले. ओळखपत्राची प्रत कुणाला द्यायची झाली तर आता त्यावर आडवं लिहिते, कुणासाठी आणि कशासाठी, तारखेसह. ब्रँचला लेखी कळवून पोच घेतली, उद्या कुणी माझं कार्ड वापरून फसवलं तर माझ्याकडे कागद असावा म्हणून. हे शेवटचं डीओ साहेबांनी सुचवलं आणि प्रत्येकानं करावं.

आणि हो, बडोद्यात दांडिया बाजारातल्या एका मराठी कुटुंबाचा प्रपोजल दिवाळीआधी झाला. साताऱ्याच्या ब्रँचच्या जुन्याच कोडवर.