साकीनाक्याची टेस्टिंग लॅब: ओढायला उत्तम, दाबायला नाही

लॅबचं नाव लिहीत नाही, कारण खाली एक तक्रारही आहे. साकीनाका मेट्रो स्टेशनपासून चालत जाण्याइतकी जवळ, गाळ्यांच्या इमारतीत तळमजल्यावर आहे.

वागळे इस्टेटच्या आमच्या गाळ्यात कृत्रिम पायाची कार्बन फायबरची पाती बनतात. डिझाइन आणि एफईएम (संगणकावरच्या मॉडेलने ताकदीचं गणित) माझ्याकडे. मॉडेलला आकडे लागतात, आणि डेटाशीटवरचे आकडे पुरवठादाराच्या ऑटोक्लेव्हमधले, म्हणजे दाबाखालच्या भट्टीतले. आमचं काम व्हॅक्यूम बॅगचं, नुसती हवा ओढून थर दाबायचं. तेव्हा स्वतःच्या लॅमिनेटची (इपॉक्सीत चिकटवलेल्या कार्बनच्या थरांची) टेस्ट करून घेण्यावाचून गत्यंतर नाही.

आधीच्या लॅबमध्ये दिवसभर टीएमटी सळ्या तुटायच्या. त्यांनी आमचं यूडी कूपन (सगळे तंतू एकाच दिशेला असलेली नमुना-पट्टी) मशीनच्या जबड्यात, म्हणजे जॉमध्ये, तसंच आवळलं आणि मॉड्युलस (ताठपणाचा आकडा) काढला तो क्रॉसहेड, म्हणजे मशीनचा सरकता आडवा भाग, किती सरकलं त्यावरून. म्हणजे मशीनचं ताणणं आणि जॉमधली घसरण, दोन्ही आमच्या माथी. तंतूचा मॉड्युलस 230 गिगापास्कल, घनफळात 55 टक्के तंतू. साधा गुणाकार केला तरी सव्वाशेच्या वर जायला हवं. रिपोर्टात त्याच्या जेमतेम निम्मं, खाली झोकदार सही.

इथे मशीनवर बसणाऱ्या काकांनी कूपन हातात घेतल्याघेतल्या विचारलं, "मॅडम, टॅब कुठायत?" तिथेच निम्मा विश्वास बसला. ओढायच्या टेस्टचं स्टँडर्ड एएसटीएम डी3039, त्याप्रमाणे 250 मिमी लांब, 15 मिमी रुंद, 1 मिमी जाड पट्टी. टोकांना ग्लास-इपॉक्सीचे टॅब (जॉमध्ये धरायच्या संरक्षक पट्ट्या) त्यांनीच चिकटवून दिले. वेग मिनिटाला 2 मिमी. मॉड्युलस एक्स्टेन्सोमीटरवरून (कूपनावरच बसवून त्याचं ताणणं मोजणारं यंत्र), 1000 ते 3000 मायक्रोस्ट्रेनच्या, म्हणजे 0.1 ते 0.3 टक्के ताणण्याच्या पट्ट्यात. पॉइसन गुणोत्तरासाठी (ओढल्यावर पट्टी किती अरुंद होते) आडवा स्ट्रेन गेज, म्हणजे ताणणं मोजणारी चिकटपट्टी, मागितला तर कुरकुर न करता लावला (गेजचे पैसे वेगळे, आणि ते रास्तच). शिअरसाठी (थर तिरके सरकवणारा जोर) ±45 अंशांत तंतू असलेलं कूपन ओढतात, स्टँडर्ड डी3518. त्यात 5 टक्के शिअर स्ट्रेनला थांबायचं असतं हे मला सांगावं लागलं नाही.

पण माझ्यासारखीला खरी किंमत रिपोर्टपेक्षा सोबतच्या सीएसव्ही फाइलची. प्रत्येक कूपनाचा पूर्ण आलेख त्यात असतो. पहिला तडा गेला तिथला छोटा खड्डासुद्धा दिसतो, आणि मॉडेल जुळवायला तोच लागतो. तुटलेले तुकडे नंबर घालून परत देतात. एक कूपन ग्रिपलगत, म्हणजे जॉच्या पकडीमुळे, तुटलं होतं. ते काकांनी आपणहून बाजूला काढलं, "हे धरू नका" म्हणाले. सरासरी गोड दिसावी म्हणून गप्प बसणारे पुष्कळ भेटलेत.

आता तक्रार. पातं वाकतं तेव्हा एक बाजू ताणली जाते, दुसरी दाबली जाते, आणि कार्बन दाबात आधी हार मानतो. हाशिनचा निकष (लॅमिनेट कधी मोडेल हे ठरवायचं सूत्र) वापरायचा तर दाबातली ताकद नेमकी हवी. इथे दाबाच्या टेस्टचं, डी6641 चं फिक्स्चर (कूपन धरायचा साचा) आहे, पण कूपनाच्या दोन्ही अंगांना समोरासमोर गेज लावत नाहीत. मग नमुना सरळ दाबला गेला की वाकून मोडला हे कळायचं कसं? वाकणं 10 टक्क्यांच्या आत राहिलं पाहिजे, असं स्टँडर्डच सांगतं. आमच्या कूपनांचे आकडे इतके विखुरले की मी ते मॉडेलमध्ये घातलेच नाहीत. विचारलं तर ऑफिसातून उत्तर आलं, "आजवर कुणी मागितलं नाही." हे उत्तर काकांनी दिलं नसतं.

खोली 23 अंशांवर ठेवतात, आर्द्रतेची नोंदही असते. तरी जुलैत जाणाऱ्यांनी कूपनं सिलिका जेलसह बंद पिशवीत न्यावीत. इपॉक्सी ओल पितं, आणि आपली लोकल काही 50 टक्के आर्द्रतेवर धावत नाही.

फटिगचं (पुन्हा पुन्हा भार देऊन थकवायच्या टेस्टचं) काम घेत नाहीत. कृत्रिम पावलांच्या टेस्टचं स्टँडर्ड आयएसओ 22675, त्यात पायाला 20 लाख आवर्तनं लागतात. सेकंदाला एक धरलं तरी तेवीस दिवस मशीन अडकतं, त्यामुळे राग नाही. दर मध्यम, वर 18 टक्के जीएसटी. कोटेशन फोनवर मागू नका, मेल करा आणि त्यात स्टँडर्डचा नंबर लिहा, नाहीतर सळ्यांचं दरपत्रक येतं.

ताण आणि शिअरसाठी मी पुन्हा इथेच जाणार. दाबाच्या टेस्टला दोन्ही अंगांना गेज लावून देणारं मुंबई-ठाण्यात कुणी माहीत असेल तर खाली लिहा. पुढचं लॅमिनेट तयार आहे.