मैदान ओलं, पावती कोरडी : हौशी क्रिकेट लीगच्या फी-परताव्याचं परीक्षण

सेवा : एप्रिल-मेमध्ये शनिवार-रविवारी चालणारी सीझन (लेदर) बॉलची टीम लीग, मुंबई-ठाणे-पुणे पट्टा.
मैदान, अंपायर, स्कोअरिंग : ५ पैकी ४.
हंगाम बुडाल्यावर पैसे परत देणं : ५ पैकी १.

२६ मे २०२५ रोजी मान्सून मुंबईत दाखल झाला. वेधशाळेची नेहमीची तारीख ११ जून, म्हणजे तब्बल सोळा दिवस आधी. मेचा शेवटचा आठवडा सेमीफायनलला आणि जूनचा पहिला रविवार फायनलला ठेवायचा, हे ज्यांचं दरवर्षीचं गणित, त्यांचं ते त्या वर्षी पाण्यात गेलं. असा हंगाम बुडाला की व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन वाक्यं ठरलेली असतात : ‘निसर्गापुढे कोणाचं चालतं?’ आणि ‘एन्ट्री नॉन-रिफंडेबल आहे, फॉर्मवर लिहिलंय.’ पहिल्याबद्दल वाद नाही. दुसऱ्याबद्दल आहे.

आमचं मत आधीच सांगतो. फी परत मिळायला हवी, पण सगळी नाही. न झालेल्या सामन्यांची परत द्यावी आणि त्यातून आयोजकाचा खरोखर बुडालेला खर्च वजा व्हावा. ‘खरोखर’ म्हणजे ज्याचं बिल दाखवता येतं तो.

लीगची एन्ट्री ही गणपतीच्या वर्गणीसारखी नसते. वर्गणी दिल्यावर कोणी हिशेब मागत नाही. लीगमध्ये मात्र संघ ठरावीक सामने विकत घेत असतो. ‘किमान ५ सामने’ असं पोस्टरवर मोठ्या अक्षरात छापलेलं असतं, तीच विक्रीची वस्तू. तेव्हा फॉर्म भरताना पहिला प्रश्न बक्षिसाचा विचारू नका. हमीचे सामने किती, ते विचारा.

आता आकडे. दर नमुन्याचे आहेत, तुमच्या भागातले घालून पाहा. १२ संघ, एन्ट्री ३०,००० रुपये, जमा ३,६०,०००. सहा-सहाचे दोन गट, प्रत्येकाचे ५ सामने, म्हणजे गटात ३०, दोन सेमीफायनल, एक फायनल : एकूण ३३. एका सामन्याचा खर्च : अर्ध्या दिवसाचं मैदान ५,०००, दोन अंपायर १,६००, स्कोअरर ६००, दोन नवे सीझन बॉल १,४००, पाणी-बर्फ-किरकोळ ४००. बेरीज ९,०००. ३३ सामन्यांचे २,९७,०००. वर ट्रॉफ्या २५,०००, बॅनर ६,०००, फोटो आणि लाइव्ह स्ट्रीमिंगचा ॲडव्हान्स १२,०००. सगळं मिळून ३,४०,०००, आयोजकाच्या हातात २०,०००. इतक्या धावपळीचे वीस हजार म्हणजे फार नाहीत, हे मान्य करूनच पुढे जाऊ.

समजा १२ सामने झाले, प्रत्येक संघाचे दोन, आणि पाऊस सुरू झाला. झालेल्या सामन्यांवर १,०८,००० गेले. बॅनर आणि स्ट्रीमिंगचे १८,००० गेले. ट्रॉफ्या मात्र गेलेल्या नाहीत. वर्षाची पट्टी चिकटवली नसेल तर त्याच ट्रॉफ्या पुढच्या मोसमात चालतात, पट्टी बदलायला किती लागतं? न फोडलेले बॉलही बुडालेले नाहीत, ते कोरड्या जागी ठेवले की पुढच्या वर्षी वापरता येतात. उरलेल्या २१ सामन्यांचं मैदानभाडं १,०५,०००. मैदानवाल्याने त्यातले २५ टक्के कापले असं धरलं तर २६,२५०. एकूण बुडालेले १,५२,२५०. आयोजकाला त्याच्या मेहनतीचा झालेल्या सामन्यांपुरता वाटा, साधारण ७,२७०, तोही देऊ. शिल्लक राहतात सुमारे २,००,५००, म्हणजे संघामागे १६,७०० रुपये.

हीच गोष्ट सरळ त्रैराशिकाने केली तर? पाचपैकी तीन सामने झाले नाहीत, तीस हजारांचे तीन पंचमांश म्हणजे १८,०००. दोन्ही आकड्यांत फरक जेमतेम तेराशेचा. त्यामुळे ‘सगळे पैसे खर्च झाले हो’ हे उत्तर मिळालं की समजावं, एक तर हिशेब ठेवलेला नाही किंवा तो दाखवण्यासारखा नाही. एकही बॉल पडण्याआधीच लीग रद्द झाली तर याच आकड्यांवर बॅनर-स्ट्रीमिंगचे १८,००० आणि ३३ सामन्यांच्या मैदानभाड्यातली कपात ४१,२५० एवढंच वजा होतं. संघाला २५,००० परत यायला हवेत. अशा वेळी ‘५० टक्के पुढच्या वर्षी ॲडजस्ट करू’ ही सवलत नव्हे, उलट्या बाजूने कापलेली फी आहे.

या हिशेबात सगळ्यात जास्त हलणारा आकडा मैदानभाड्याचा. तो कुठे बिघडतो हे खेळपट्टीपाशी जाऊन पाहावं. काळ्या मातीची विकेट पावसानंतर वरून सुकलेली दिसते, कडेला भेगाही पडतात, आणि कोणीतरी म्हणतं, चला, टॉस करू. गुड लेंग्थवर, म्हणजे चांगल्या बॉलचा टप्पा पडतो तिथे, अंगठा दाबून बघा. तो आत गेला की रोलर फिरवण्यात अर्थ नाही, ओल्या मातीवर रोलर फिरवला की वर साय धरते आणि खालचं पाणी अडून राहतं. कव्हर असतील तर उन्हाच्या दोन-तीन तासांत काम होतं; नसतील तर एका रात्रीचा पाऊस शनिवारबरोबर रविवारही घेऊन जातो. मॅटिंग टाकली तरी ओल्या मातीत खिळे धरत नाहीत. सिमेंटवर अ‍ॅस्ट्रोटर्फ असलेल्या मैदानावर खेळपट्टी लवकर सुकते, पण बोलरचा रनअप मातीचाच असतो आणि घोटा तिथेच मुरगळतो.

कांगा लीग १९४८ पासून मुंबईच्या भर पावसाळ्यात खेळली जाते, हे खरं. पण ती पावसासाठीच आखलेली स्पर्धा आहे, फलंदाजाची परीक्षा ओल्या विकेटवरच घ्यायची हा तिचा हेतू. मेमधल्या लीगने तिचं नाव पुढे करून चिखलात सामने उरकू नयेत.

म्हणून मैदान बुक करतानाच आयोजकाने एक ओळ लिहून घ्यायची असते : पावसाने दिवस गेला तर तारीख बदलून मिळेल, भाडं बुडणार नाही. आठ वीकेंडांच्या लीगला दोन वीकेंड राखीव हवेत आणि फायनल २० मेच्या आत. ही ओळही नाही, राखीव दिवसही नाहीत, आणि नुकसान मात्र बारा संघांनी वाटून घ्यायचं, हे चालणार नाही. वळवाचा पाऊस मेमध्ये पडतो हे काही गुपित नाही.

कारण पाहूनच कपात ठरावी. मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी लागली, तिथे आयोजकाचा दोष नव्हता. वर दाखवलेली कपात त्याला मिळावी. पाऊस आला आणि राखीव दिवस नव्हते, तर मैदानभाड्याची कपात त्याने स्वतः सोसावी. पुरेसे संघ जमले नाहीत, महापालिकेची परवानगी काढली नाही, एकच मैदान दोघांना दिलं गेलं, तर पूर्ण ३०,००० परत, एक रुपयाही न कापता.

कायद्याचं थोडक्यात. भारतीय करार अधिनियम १८७२ च्या कलम ५६ प्रमाणे एखादी गोष्ट करणं नंतर अशक्य झालं तर करार रद्दबातल होतो, आणि कलम ६५ म्हणतं की अशा करारापोटी ज्याने लाभ घेतला त्याने तो परत करावा किंवा भरपाई द्यावी. फॉर्मवरच्या ‘नैसर्गिक आपत्ती’च्या अटीमुळे आयोजकावर सामने न घेतल्याचा ठपका येत नाही, पण न घेतलेल्या सामन्यांचे पैसे ठेवून घेण्याचा हक्क केवळ त्या दोन शब्दांतून मिळत नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ च्या कलम २(४७) मध्ये पावती न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. सदोष सेवेचे पैसे पावतीवरच्या मुदतीत, मुदत नसेल तर ३० दिवसांत, परत न करणं हीसुद्धा.

इथे बरेच कॅप्टन एक चूक करतात. ‘नो रिफंड ही अटच अन्यायकारक आहे’ असा अर्ज घेऊन ते जिल्हा ग्राहक आयोगात जातात. अन्याय्य कराराची तक्रार राज्य आयोगाकडे करायची असते. जिल्हा आयोगात ‘सेवेत त्रुटी, सामने दिले नाहीत, पैसे परत करा’ अशीच मांडणी हवी. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला तिथे फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली तर कित्येकदा समोरचा निदान फोन तरी उचलतो. कंपनीच्या संघाची फी कंपनीच्या खात्यातून गेली असेल तर ‘व्यावसायिक कारणासाठी घेतलेली सेवा’ असा आक्षेप येऊ शकतो. पावती कशाच्या नावाने घ्यायची ते आधीच ठरवा.

पुरावा पैसे भरतानाच तयार होतो, नंतर नाही. बहुतेक एन्ट्री आयोजकाच्या वैयक्तिक यूपीआयवर जाते आणि नोट म्हणून एखादा बॅटचा इमोजी. त्याऐवजी ‘संघाचं नाव, लीगचं नाव, २०२६, ५ सामने’ एवढं लिहा. १२ अंकी व्यवहार क्रमांक जपून ठेवा. पोस्टर आणि नियमांचा मेसेज आला त्याच दिवशी चॅट एक्सपोर्ट करा. वाद सुरू झाला की पहिली कारवाई तुम्हाला ग्रुपमधून काढण्याची असते. आयोजकाने जीएसटी लावला असेल तर परताव्यात तोही यायला हवा. मूळ ३०,००० वरचे १८ टक्के म्हणजे ५,४०० रुपये आहेत, आणि ते बोलताना सगळे विसरतात.

अनामत रक्कम वेगळी. संघ आला नाही किंवा मैदानात राडा केला तर कापण्यासाठी ती घेतलेली असते. लीग रद्द झाली तर तिच्यातून बॅनरचा खर्च काढता येत नाही. ती जशीच्या तशी परत.

टेनिस बॉलच्या नॉकआउटला मात्र हा हिशेब लागू नाही. तिथे हमी एकाच सामन्याची. ३२ संघ, ५,००० एन्ट्री, लॉट्स पाडले, पहिली फेरी झाली आणि पाऊस आला, तर हरलेल्या १६ संघांना त्यांचा सामना मिळाला. त्यांना काही देणं लागत नाही. उरलेल्या १६ संघांचा हक्क बक्षिसाच्या रकमेवर. पहिलं ५०,००० आणि दुसरं ३०,००० जाहीर झालं असेल तर ते ८०,००० सोळा जणांत वाटावेत, प्रत्येकी ५,०००. बॉल-आउट (मोकळ्या स्टंपवर बॉल टाकण्याची चुरस) घेऊन किंवा चिठ्ठी टाकून विजेता काढण्याचा प्रकार सर्रास चालतो. सोळाही कॅप्टनची लेखी संमती असेल तरच तो ठीक. चषक पाहुण्यांच्या हस्ते द्यायचाच आहे म्हणून चिठ्ठी टाकणं, हे फोटोसाठी झालं.

छपराखालच्या बॉक्स क्रिकेटला पावसाची सबब नाही. तिथे सामने रात्री उशिराच्या आवाजाच्या तक्रारींमुळे थांबतात, तेव्हा स्लॉट रात्री दहाच्या आत संपणारेच घ्यावेत. मुलांच्या उन्हाळी शिबिरांत दिवसांच्या प्रमाणात परतावा मागणं सोपं, फक्त किट आणि टी-शर्टचे पैसे वेगळे दाखवले आहेत का ते बघा. दाखवले नसतील तर शेवटी निम्मी फी ‘किटची’ निघते.

एक तारा दिला तो अनामत परत मिळते म्हणून. पुढच्या हंगामाच्या फॉर्ममध्ये हमीच्या सामन्यांची संख्या, राखीव तारखा, कारणानुसार कपात आणि १५ दिवसांत परतावा, या चार गोष्टी छापल्या तर चार तारे द्यायला आमची हरकत नाही. आयोजकाचं त्यात नुकसानही नाही. वरच्या हिशेबात त्याची मेहनत धरूनच आकडा काढला आहे.

सध्या अडकलेल्या संघांसाठी मेसेजचा मसुदा देतो, ग्रुपवर न टाकता आयोजकाला थेट पाठवावा :

‘नमस्कार सर. आपल्या लीगसाठी आमच्या संघाने ३०,००० रुपये एन्ट्री भरली (तारीख, व्यवहार क्रमांक). ५ सामन्यांची हमी होती, २ झाले. उरलेल्या ३ सामन्यांचे १८,००० आणि अनामत रक्कम १५ दिवसांत परत करावी. काही खर्च वजा करायचा असल्यास मैदानवाल्याने किती रक्कम कापली त्याची पावती आणि इतर बिलं पाठवावीत, आम्ही ती मान्य करू. पुढच्या वर्षीच्या एन्ट्रीत वळती करायची असेल तर पूर्ण रकमेची, तारखेसह लेखी पावती द्यावी.’

‘बिलं पाठवा’ या दोन शब्दांनंतर बहुतेकदा फोन येतो आणि आकडा बदलतो. फोनवर जे ठरेल ते त्याच चॅटमध्ये लगेच टाइप करून ‘बरोबर ना सर?’ असं विचारून घ्या.