मीटरची सुई 1.2 वर, पण वायरलेस मुका

हर्णै बंदरात आमची मासेमारीची बोट आहे. 31 जुलैला पावसाळी मासेमारीबंदी संपते, त्याआधी आठवडाभर मी वायरलेसचा अँटेना आणि केबल बदलून घेतली. काम करणारा म्हणाला, "दादा, ही आरजी-213 जातीची केबल. अँटेनाला मॅच करून मापात कापून आणलीय." त्या 'मापा'चे वेगळे हजार रुपये लावले. मग केबिनमध्ये सेटच्या मागे मीटर जोडून सुई दाखवली, 1.2. हा आकडा 1 च्या जितका जवळ, तितकं चांगलं. मी खूश होऊन पैसे दिले.

दहा-बारा मैल आत गेल्यावर तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान, हाका मारून थकला. बाजूच्या बोटीला ऐकू जाई, बंदरावर काहीच नाही. गणपतीत भाचा आला, त्याने केबल सोलली. आरजी-213 मध्ये मधे तांब्याच्या सात तारा असतात. इथे एकच, आणि तिला लोहचुंबक चिकटला! आत लोखंड, वर तांब्याचा नुसता मुलामा. भोवतीची जाळी इतकी विरळ की आतलं पांढरं प्लॅस्टिक दिसत होतं, आणि डोलकाठीकडच्या टोकाला खारं पाणी शिरून ती हिरवीकाळी पडली होती.

मग सुई बरोबर कशी? अँटेनाकडून परत येणारी पॉवर मोजून मीटर आकडा दाखवतो. केबलच पॉवर खाते तेव्हा जाताना थोडी मरते, परतताना उरलेली मरते. मीटरपर्यंत काही येतच नाही, म्हणून सुई गोड दिसते. बोटीचा वायरलेस ज्या व्हीएचएफ लहरींवर चालतो, त्यांवर 15 मीटरच्या चांगल्या आरजी-58 या बारीक केबलमध्येसुद्धा जवळपास अर्धी पॉवर जाते, मग या केबलचं काय बोलायचं!

आणि ते 'माप'? सेट, केबल, अँटेना तिन्ही 50 ओहमचे असले की केबल लांब-आखूड करून मॅचिंग बदलत नाही. त्याचे पैसे कुणालाही देऊ नका.

पैसे देण्याआधी मीटर डोलकाठीवर, अँटेनाच्या बुडाशी लावायला सांगा. नाहीतर मीटर सेटमागेच ठेवून, वरच्या टोकाचा अँटेना काढून, सेट 1 वॅटवर ठेवून क्षणभरच बोलायचं बटण दाबा. सुई एकदम वर गेली पाहिजे. तेव्हाही दीड-दोनवर राहिली तर केबल पॉवर गिळतेय.

काम करणाऱ्याला परत फोन केला तर म्हणाला, "सुई तुम्हीच बघितली होतीत ना?" पैसे गेले ते गेले. पण वादळात याच सेटवर, संकटाच्या हाकेसाठीच्या चॅनेल 16 वर, माझी पाच माणसं हाक मारणार होती. नवी केबल दुकानातच वीतभर सोलून, चुंबक लावून घेतली.