बीबीए की बी.कॉम. आणि मोंढ्यातली उमेदवारी?

बारावी कॉमर्स झाली की लातूर-नांदेडकडची पोरं इथंच अडतात: बीबीए (व्यवस्थापनाची पदवी) करावं, की साधं बी.कॉम. करत मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, एखाद्या आडतीवर (शेतमाल विकून देणाऱ्या दलालाच्या दुकानात) काम शिकत उमेदवारी करावी?

बीबीएची फी जास्त. पण मार्केटिंग, वित्त, मनुष्यबळ सगळ्याची तोंडओळख होते, चारचौघांत बोलायची भीड चेपते. प्रवेशाआधी एवढं विचाराच: इंटर्नशिप खरंच कंपनीत होते, की नुसता शिक्का मिळतो? शिकवणाऱ्यांत कुणी स्वतः धंदा केलाय का? माझ्या कॉलेजात मागच्या वर्षीचाच प्रोजेक्ट नाव बदलून जमा व्हायचा. ती सल अजून आहे.

आडतीवर सोयाबीनचं पोतं समोर फुटतं. मूठभर दाणे यंत्रात टाकले की ओलावा दिसतो. हमीभाव खरेदीचा नेहमीचा निकष १२ टक्क्यांचा. आकडा १४ वर गेला की भाव तुटतो आणि शेतकऱ्याचा चेहरा उतरतो. भाव कसा ठरतो, हे तिथं डोळ्यांसमोर कळतं. हिशोबपट्टी, हमाली, तोलाई, थकलेली उधारी, टॅलीतली नोंद, सगळं हाताखालून जातं. पगार तुटपुंजा, आणि एकाच मालकाची पद्धत अंगवळणी पडते, हा तोटा.

घरी शेती किंवा दुकान असेल तर माझा कल आडतीकडेच. छत्रपती संभाजीनगरकडच्या वाळूज-चिकलठाण्याच्या एमआयडीसीत नोकरी हवी असेल तर बीबीए बघा, पण आधी मागच्या बॅचची दोन पोरं गाठा आणि आज ती काय करतात ते विचारा.