पेटी ‘ग्लुआर’ची, चित्र भलत्याच वर्षाचं

सदाशिव पेठेतल्या एका दुकानातून ‘ग्लुआर’ या फ्रेंच क्रूझरचं, म्हणजे मध्यम आकाराच्या युद्धनौकेचं, १:४०० मापाचं जोडायचं मॉडेल-किट आणलं. ३,८०० रुपये. “खेळण्याला एवढे?” हे घरी ऐकावं लागलंच.

पस्तीस वर्षं भोसरीत ड्रॉइंग बोर्डावर काढलीत, त्यामुळे पेटी उघडली की चित्र आणि भाग जुळतात का ते आधी बघतो. इथे जुळत नाहीत. पेटीवर झेब्र्यासारखे पट्टे मारलेली बोट, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या उत्तरार्धातली. पण १९४३ मध्ये अमेरिकेत डागडुजी झाली तेव्हाच विमानं आणि कॅटापल्ट (बोटीवरून विमान उडवायचं यंत्र) काढून या वर्गातल्या, म्हणजे एकाच आराखड्याच्या, बोटींवर विमानविरोधी तोफा वाढवल्या होत्या. आत मात्र कॅटापल्टही आहे आणि दोन विमानंही! दुकानदार म्हणाला, “काका, एवढं कोण बघतंय?” मी बघतो ना. पट्टे रद्द केले, राखाडी रंग दिला, १९३७ ची बोट केली.

हलचे, म्हणजे बोटीच्या मुख्य कवचाचे, दोन्ही भाग मधोमध वाकलेले. गरम पाण्यात बुडवून सरळ केले, तरी फट राहिली, पुट्टी भरली. तोफांच्या नळ्या तर उसाच्या कांड्यांसारख्या. इंजेक्शनच्या सुया कापून बसवल्या.

पिछाडी जोडली आणि पैसे वसूल झाले. एसटीच्या मागच्या बाजूसारखी आडवी, सपाट छाटलेली. विमान समुद्रात उतरलं की बोटीमागे कापडी चटई पाण्यावर सोडायची. बोट चालू असतानाच विमान चटईवर चढायचं, मग क्रेनने वर. किटमध्ये चटई नाही. तुळशीबागेतून मच्छरदाणीचं कापड आणून केली.

आधीच्या, १९२६-२७ च्या द्युगे-त्रुएँ वर्गातल्या फ्रेंच क्रूझरना आठ १५५ मिमी तोफा, ३३ नॉट (ताशी सागरी मैल) वेग, बारा पाणतीर (टॉर्पेडो) नळ्या, आणि चिलखत नावापुरतं. ‘ग्लुआर’ ७,६०० टनांची. नऊ १५२ मिमी तोफा तीन टरेटमध्ये (फिरत्या तोफबुरुजांत), बाजूच्या चिलखती पट्ट्याची जाडी १०५ मिमी. त्यासाठी वेग कागदावर ३१ नॉटवर आणला, पाणतीर नळ्या चारच ठेवल्या. माझ्या मते शहाणपणाचा सौदा. नुसतं पळून तोफगोळा चुकत नाही.

घ्यायचं तर पावसाळा सोडून घ्या. बोहरी आळीतून आणलेला एनॅमल रंग चार दिवस बोटाला लागत होता. विमानांपैकी एक नातवाने पळवलं. दुसरं मी चटईवर चिकटवूनच टाकलं.